काचेखालच्या तीन ओळी

आमच्या घरात रंग म्हणजे माफी होती. लाकडाला गाठ निघाली, सांध्यात फट राहिली, पटाशी घसरून टवका उडाला, की आबा लाकडाचा भुसा सरसात कालवून तिथं दाबायचे आणि वर गाडीच्या तांबड्या रंगाचे दोन जाड हात. खाली काय होतं ते मग आबांना, मला आणि देवालाच ठाऊक. आबा म्हणजे माझे वडील, गावचे सुतार. राहुरीच्या वरच्या अंगाला, धरणापासून दीड कोसावर आमचं गाव. तिथल्या बैलगाड्या, औतं, दारं-चौकटी सगळं त्यांच्या हातचं. रंगाचं काम माझ्याकडं असे. आणि कोरं लाकूड समोर दिसलं की मला लिहायची खोड होती. कानावरची चपटी सुतारी पेन्सिल काढायची आणि मनात जे खदखदत असेल ते फळीच्या आतल्या अंगाला उतरवायचं. वर रंग बसला की विषय संपला. आजही एखादी जुनी बैलगाडी कुठल्या ढाब्यापुढं शोभेला उभी केलेली दिसली की मी आधी तिचा रंग शाबूत आहे ना ते बघतो. तिचा रंग कुणी खरवडलाच, तर खाली आमच्या गणिताच्या मास्तरांविषयी जे सापडेल ते छापण्यासारखं नाही.

कॉलेजचं एक वर्ष मी नगरला काढलं होतं. तिथं मी रसायनशास्त्राला काही समजून घेतलं नाही आणि रसायनशास्त्रानंही मला समजून घेतलं नाही. त्याच उन्हाळ्यात लाकूड तासताना वाकस निसटून आबांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि मी घरी आलो, चार दिवसांसाठी म्हणून. त्या चार दिवसांना अडीच वर्षं झाली होती. आमच्याकडं एक मोठी करवत होती, दोघांनी ओढायची, दोन्ही टोकांना मुठी असलेली. एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला मी. तिची रीत अशी की ती ढकलायची नाही, फक्त ओढायची. समोरच्यानं ओढली की आपण हात सैल सोडायचा. खर्र-खुर्र, खर्र-खुर्र, सकाळची दुपार व्हायची. मूठ मध्येच सोडून निघून जाता येत नाही, आणि समोरच्या माणसाच्या तोंडाकडं बघण्यावाचून दुसरं काही करताही येत नाही. अडीच वर्षांत मला आबांच्या भुवयांतले केस पाठ झाले होते. बोलणं मात्र "वढ" आणि "सोड" यापलीकडं फारसं गेलं नव्हतं.

पुण्याला गेलेल्या दिन्याची, माझ्या वर्गमित्राची, कार्डं यायची. कारखान्यात माणसं घेताहेत, खोलीत एक गादी रिकामी आहे, कधी येतोस? टपालवाला सखाराम ते कार्ड वाटेतच वाचून यायचा आणि अंगणातूनच ओरडायचा, "भान्या, गादी अजून रिकामीच हाय बरं का!" आई त्याला भाकरी देऊन गप्प करायची. आबा रंध्यावरची मान वर करत नसत. त्यांना आकडे येत, अक्षरं येत नसत. पण रस्त्यात छापील कागदाच्या चिटोऱ्यावर पाय पडला, तरी वाकून तो उचलायचे, कपाळाला लावायचे आणि वळचणीला खोचून ठेवायचे. आमची वळचण म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचं देऊळ झालं होतं.

त्या साली पाऊस सलग दुसऱ्यांदा गेला. गावाबाहेर दुष्काळी कामावर खडी फोडायचं काम चालायचं. दिवसभर शेकडो हातोड्यांची टकटक आणि तिची पांढरी धूळ आमच्या ताटापर्यंत यायची. घरात रेशनवर आलेल्या अमेरिकेच्या तांबड्या ज्वारीच्या, मिलोच्या भाकऱ्या. आई त्या थापताना मिलोशी भांडत असायची, कारण ती भाकरी हातावर फिरायला तयारच नसे. हुलगे मिळाले त्या दिवशी शेंगोळे, आणि त्या दिवशी सण. बैल चारा-छावणीला गेलेले, मग गाड्या कोण करून घेणार? आता काम नाही म्हटल्यावर आबा मला जा म्हणतील, असं मला वाटायला लागलं. दुष्काळात मनातून आनंदलेला माणूस तालुक्यात मी एकटाच असेन. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नाही.

आणि नेमकं तेव्हाच धरणावरचे साहेब जीपमधून उतरले. सडसडीत बांधा, डोक्याला हॅट, काखेत एक विलायती मासिक. त्यांना होडी पाहिजे होती. धरणाची दारं उघडायच्या, पाण्यातल्या बुरुजापर्यंत जायची जुनी पत्र्याची होडी गंजून गळायला लागली होती.

आई म्हणाली, "साहेब, धरणात पानी कुठंय?"

"येईल तेव्हा होडी तयार नको का, बाई?"

आबांनी जन्मात होडी केली नव्हती. समुद्र तर सोडाच, गोदावरीसुद्धा त्यांनी एकदाच पाहिलेली. पण साहेबांनी होडीचा नकाशा पुढ्यात पसरल्यावर ते त्यावर ओणवे झाले, आणि गाडीचं गोल चाक जुळवणाऱ्या माणसाला फळी वाकवायला काय लागतं, अशा चेहऱ्यानं हो म्हणून बसले. साहेबांनी आबांच्या उत्तराची वाट बघितली, माझ्या उत्तराची कुणीच बघितली नाही. करवतीचं दुसरं टोक माझ्याकडं सरकलं.

चार महिने मी त्या होडीत होतो. होडीत म्हणजे शब्दशः. ती जसजशी उभी राहिली तसतसा तिच्या बरगड्यांच्या आत बसून खिळे धरायचा, सांध्यात कापूस ठोसायचा, बाहेरून आबा ठोकायचे ते ठोके डोक्यात घ्यायचा मी. पत्र्याच्या छपराखाली, चहूबाजूंनी सागाच्या फळ्या. देवमाशानं गिळलेला माणूस बहुधा याहून मोकळा असेल. साहजिकच मी लिहिलं. फळीफळीवर लिहिलं. शेवटची फळी पुढच्या टोकाला बसली, त्या दिवशी आबांनी सांधा एका सुताएवढा चुकला म्हणून मला साऱ्या गावाला ऐकू जाईल असं झापलं. आणि मी आत बसून, पुढच्या बैठकीच्या समोर, अगदी सुवाच्य अक्षरांत तीन ओळी लिहिल्या:

होडी पाण्यात गेली की दुसऱ्या दिवशी मी पुण्याला.
म्हाताऱ्याला सांगणार नाही.
त्याला दोनच गोष्टी येतात, रंधा आणि राग.

परवा तांबडा रंग बसणार होता. मला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, त्यांनी मासिक उघडलं आणि एका तळ्यातल्या होडीचं रंगीत चित्र आम्हांला दाखवलं. लाकडाची रेघन् रेघ दिसत होती आणि वर जणू काच ओतलेली. "रंग नको," साहेब म्हणाले. "एवढा सुंदर साग, तो झाकायचा कशाला? हे एपॉक्सी. दोन डबे असतात, मोठ्यात राळ, लहानात ती घट्ट करणारं हार्डनर. दोनास एक मिसळायचं आणि पातळ हात मारायचे. माझा मेव्हणा नगरला विजेच्या मोटारींच्या कारखान्यात आहे, तिथं वापरतात. हे नमुन्याचे डबे, बाकीचे तिथून आणा."

आबांनी चित्राकडं बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "रंग न्हाई? मंग चुका कुठं ठिवायच्या, साहेब?"

साहेब हसले. मी हसलो नाही.

रसायनशास्त्र शिकलेला घरात मीच, म्हणून पहिलं कालवण मी करायचं ठरलं. राळ काकवीसारखी, हार्डनरला जुनाट मोरीसारखा वास. थोडं थोडं काय करायचं म्हणून मी आईचा पितळेचा लोटा घेतला, त्यात निम्मा निम्मा डबा ओतला आणि बाभळीच्या काडीनं ढवळत बसलो. भर उन्हाळ्याची दुपार. आधी लोटा कोमट झाला. मग हाताला चटका बसायला लागला. मग त्यातून धूर निघाला, मी तो अंगणात ठेवून पळालो, आणि परत येऊन बघतो तर काडी लोट्याच्या मधोमध झेंड्यासारखी उभी, आणि आतला माल दगडाहून कडक.

"माझ्या म्हायेरचा लोटा!" आई किंचाळली. "मेल्या, कालिजात हेच शिकलास व्हय?"

आबा काडी धरून लोटा उचलून बघत राहिले. उलटा केला, हलवला. "पक्कं हाय," एवढंच म्हणाले, आणि त्या आवाजात मला पहिल्यांदा कौतुक ऐकू आलं. माझं नव्हे, त्या मालाचं. हा लोटा अजून माझ्याकडं आहे. पंख्याच्या वाऱ्यानं उडू नयेत म्हणून हे कागद त्याच्याच खाली ठेवतो.

आता मला घाई होती. होडीभर माझं साहित्य पसरलेलं आणि वरून काच ओतली जाणार. घासायचं काम सुदैवानं माझंच होतं. दोन दिवस पॉलिशपेपर घेऊन मी आत रांगत होतो, साहेबांविषयीचं पुसलं, दुष्काळाविषयीचं पुसलं, गावातल्या एका मुलीविषयीचं जरा हळहळत पुसलं. पुढचं टोक तेवढं राहिलं. ते उद्या करू म्हटलं, तर आबांनी मला पहाटेच्या एस.टी.त बसवलं, नगरहून डबे आणायला. औद्योगिक वसाहतीत तो मेव्हणा शोधण्यात दिवस गेला, परतीची शेवटची गाडी चुकली, आणि मी दुसऱ्या दिवशी दुपारी डबे कवटाळून घरी पोचलो.

धूळ आत येऊ नये म्हणून छपराला चारी बाजूंनी ओली पोती लावली होती. प्यायला पाणी नाही त्या दिवसांत आईनं भांडी धुतलेलं पाणी साठवून ती भिजवली होती. मी पोतं सारलं आणि थबकलो. होडी झगझगत होती. साग आतून पेटल्यासारखा दिसत होता. आबा एका बाजूला उकिडवे बसून तिच्याकडं बघत होते.

"काल बाजार हुता," ते म्हणाले. "खडी बंद, म्हनून धूळ न्हाई. म्हनलं, नमुन्याचं उरलंय त्यात आतला पयला हात मारून घ्यावा. वाटीवाटीनं कालवलं. तुझ्यावानी लोटाभर न्हाई."

मी आत वाकून पाहिलं. पुढच्या फळीवर, भोवतीनं सगळीकडं गुळगुळीत घासलेलं आणि मधोमध माझ्या तीन ओळी. एका वेलांटीलासुद्धा धक्का नाही. आणि त्यांच्यावर काच.

"हे... हे घासलं नाही?" मी फळीवर बोट ठेवून विचारलं.

"अक्षर हुतं," आबा म्हणाले. "अक्षरावर कसा घासकागद मारायचा? तू कायतरी चांगलंच लिवलं आसशील. ऱ्हाऊ दे म्हनलं."

पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. पहिल्याच दुपारी आबा जेवायला बसलेले बघून मी रॉकेल घेऊन गेलो आणि चिंधीनं चोळलं. ओळी आणखी स्वच्छ झाल्या. नखानं खरवडलं, नख गेलं. शेवटी पटाशी घेतली, तर मागून आबांचा आवाज आला, "फळी फोडतोस काय रं?" मी पटाशीनं पाठ खाजवली. खोटं वाटेल, पण खरंच खाजवली. मग मला सुचलं की तिथं एक आडवी पट्टी ठोकावी. "कशाला?" आबा म्हणाले. "गरज न्हाई तितं लाकूड ठोकत न्हाईत." गणपतीचं चित्र चिकटवू म्हटलं, तर आई म्हणाली पाण्यात देव बुडवायचा व्हय, आणि विषय मिटला.

खरी शिक्षा पुढंच होती. काचेचे आणखी दोन हात द्यायचे होते, आणि "आत शिरायला आंग लहान लागतं" म्हणून आबांनी ब्रश माझ्या हातात दिला. दुसरा हात बसायच्या आधी पहिला हलका घासावा लागतो. घासलं की काच धुरकट होते. माझ्या ओळी धुक्यात जायच्या, दिसेनाशा व्हायच्या, आणि मला वाटायचं, सुटलो. मग ओल्या ब्रशचा एक फटकारा मारला की धुकं नाहीसं, आणि आतून "म्हाताऱ्याला सांगणार नाही" पहिल्यापेक्षा लख्ख. तीन ओळींवर मी स्वतःच्या हातानं दोनदा काच चढवली. बाहेर हातोड्यांची टकटक, आत तो मोरीचा वास, ओल्या पोत्यांचा कोंदटपणा, आणि शेजारी आबा, बोटं नसलेला हात फळीवरून अलगद फिरवत. "आता कसं," म्हणायचे, "समदं दिसतंय." रोज मी ठरवायचो की आज सांगून टाकू, तोंड उघडायचो आणि विचारायचो, "आबा, हार्डनर अजून एक वाटी?"

कारण सांगायचं तरी काय? पळून जातोय ते सांगायचं, की तुम्हांला दोनच गोष्टी येतात ते? आणि न सांगावं, तर साहेबांना वाचता येत होतं. बैठकीवर बसलेल्या माणसाच्या बरोब्बर नाकासमोर ते होतं. साऱ्या गावासमोर साहेब ते वाचणार, आणि चार महिने राबलेला माणूस आपल्याच होडीवर आपल्याच पोरानं काय लिहिलंय ते परक्या तोंडून ऐकणार.

होडी पाण्यात न्यायचा दिवस आला. मागून आणलेल्या बैलांच्या गाडीवर ती आडवी बांधली. वाटेत खडी फोडणाऱ्या बाया हातोडे खाली ठेवून उभ्या राहिल्या, एकीनं विचारलं, "ह्यो पाळना कुनाचा गं?" धरणाचं पाणी पार खाली गेलेलं, भेगाळलेल्या गाळावरून पाव कोस चालत आम्ही ते गाठलं. आईनं हळद-कुंकू वाहिलं, आबांनी नारळ फोडला. होडी पाण्यावर बसली, एकदा डुलली आणि स्थिर झाली. थेंब आत आला नाही. साहेब बुटासकट आत गेले, पुढच्या बैठकीवर बसले आणि पुढं वाकले.

ते वाचत होते. किती वेळ वाचत होते! तीन ओळी वाचायला एवढा वेळ लागत नाही. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

आबा गुडघाभर पाण्यात उभे होते. हात जोडून म्हणाले, "साहेब, पोरानं लिवलंय ते. जरा मोठ्यांदी वाचा की. समद्यांना ऐकू द्या."

साहेबांनी हॅट काढली, पुन्हा घातली. घसा खाकरला. "लिहिलंय... या होडीत बसेल तो सुखरूप काठाला लागो."

माणसांनी "वा!" केलं. आईनं डोळ्यांना पदर लावला. आबांनी मान हलवली, एकदाच, माप बरोबर आल्यावर हलवायचे तशी. मी होतो तिथंच गाळात बसलो. तिथून मला उठवायला दोन माणसं लागली, आणि गावात बरेच दिवस सांगत होते की भान्याला बापाच्या कौतुकानं भरून आलं.

परतताना रिकाम्या गाडीत आम्ही दोघंच. आई बायांबरोबर पुढं गेली होती. मग आबा बैलांकडं बघत म्हणाले, "साहेब लई चांगला मानूस हाय. खोटं बी किती गोड बोलला."

मी गाडीच्या फळीवरच्या तांबड्या रंगावरून बोट फिरवत बसलो.

"तीन वळी हायेत. त्यो एकच बोलला. मला वाचता येत न्हाई, मोजता येतं." बैलाच्या पाठीवर त्यांनी नुसता हात ठेवला. "बाजारच्या दिशी टपाल घिऊन सखाराम आला हुता. म्हनलं, काच वतायच्या आदी बघावं तरी काय हाय. त्यानं दोनदा वाचून दावलं. लाजत हुता गडी. पयल्यांदा त्यो बी खोटंच वाचत हुता."

"मग आबा... मग पुसलं का नाही?"

"अडीच वर्सं समोरासमोर करवत वढतोय," आबा म्हणाले. "त्यात तू येवढंच बोललास माझ्याशी. ते बी पुसू?" गाडी एका खड्ड्यातून गेली. "आन् काय चूक हाय त्यात? रंधा आन् राग. आता काचेचं काम बी येतंय म्हना. तीन झाल्या."

वेशीपाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "पुन्याची गाडी कवा असती?"

"साडेसहाला."

"मंग आईला सांग, भाकऱ्या पहाटंच करायला."

"आणि करवत?"

"बगीन मी," ते म्हणाले.

दिवाळीला मी पुण्याहून पहिल्यांदा घरी आलो. दोन पावसाळी ढग येऊन गेले होते, अंगणात थोडं हिरवं होतं. छपराखालून लांबूनच आवाज आला, खर्र-खुर्र, खर्र-खुर्र. म्हटलं, कुणी गडी ठेवला असेल. जाऊन बघतो तर आबा एकटेच होते. करवतीच्या माझ्या टोकाला सायकलच्या जुन्या ट्यूबा बांधून त्या मागच्या खांबाला ताणल्या होत्या. आबा ओढायचे, हात सैल सोडायचे, आणि ट्यूब करवत मागं खेचून न्यायची.

मी पिशवी हातात धरून बघत राहिलो. आबांनी भुवया उचलल्या.

"तुझ्यापरीस बरी वढती," ते म्हणाले. "कुरकुरत न्हाई. लिवत बी न्हाई."

मग उठले, खांबाजवळ गेले, तीन बोटांनी गाठ सोडली, आणि मूठ माझ्याकडं सरकवली.